सालाझार : गोवा कधीच न बघितलेला माणूस आणि त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या गोष्टी

मांडवीपार

डिसेंबर आला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ठरावीक मेसेज फिरायला लागतो. पोर्तुगीज काळात चोऱ्या नव्हत्या, हापिसात काम व्हायचं, सगळ्यांना एकच कायदा होता, हिंदू-ख्रिस्ती भेद नव्हता, माल स्वस्त होता, आणि शेवटी "एक सालाझार पुन्हा हवा". पाठवणारे बहुतेक डिसेंबर १९६१ च्या गोवामुक्तीनंतर जन्मलेले.

मी सध्या ह्या माणसावर, म्हणजे पोर्तुगालच्या ह्या हुकूमशहावर, मिळेल ते वाचतोय. चमत्कारिक प्रकरण आहे. १८८९ साली विमिएरू नावाच्या खेड्यात जन्म, बाप जमीनदाराच्या इस्टेटीवर कारभारी, म्हणजे आपल्या भाषेत भाटकाराचा मुकादम. सेमिनरीत शिकला पण पाद्री झाला नाही, कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्रोफेसर झाला. १९२८ ला लष्करी सरकारने अर्थमंत्री म्हणून बोलावलं तर ह्याने अट घातली की प्रत्येक खात्याचा खर्च माझ्या हाताखालून जाईल, आणि पहिल्याच वर्षी बजेट तोट्यातून वर काढलं. १९३२ ला पंतप्रधान झाला तो १९६८ पर्यंत उठलाच नाही. लग्न केलं नाही, पैसे खाल्ले नाहीत, सरकारी निवासाच्या आवारात घर सांभाळणारी बाई कोंबड्या पाळायची. एवढं वाचलं की वाटतं किती साधा माणूस. पुढचं पान उलटलं की 'पिदे' हे गुप्त पोलिस, केप व्हर्दमधली ताराफालची राजकीय कैद्यांची छावणी, आणि सेन्सॉर.

तर प्रश्न असा. मेसेजातल्या यादीतली नेमकी कुठली गोष्ट खरोखर सालाझारने केली? आणि तुमच्या घरी त्याचं नाव कसं निघायचं? नेहरूंचं नंतर बोलू.

काजूबोंडू

"नेहरूंचं नंतर बोलू" लिहिलंस म्हणजे चौथ्या प्रतिसादाच्या आत नेहरू येणार. जत्रेतलं खाजें घेऊन बसलोय, चालू द्या.

कुळागरवाला

मी तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांतला नाही पण सगळंच खोटं आहे असंही म्हणणार नाही. आमचं घर फोंड्याकडे, नारळ-सुपारी. आजोबा सालाझारचं नाव आदरानेच घ्यायचे. कर ठरलेला असायचा, कागद केला की तो कागद टिकायचा, हापिसर कितीही मग्रूर असला तरी कायद्यात बसणारं काम अडवायचा नाही, हे त्यांचं म्हणणं. दुकानात बाहेरचा माल, स्विस घड्याळं, व्हिस्की, मुंबईचे पाहुणे आले की जाताना नायलॉनच्या साड्या लपवून न्यायचे. आता तुम्ही म्हणाल हुकूमशहा. असेल. पण सामान्य माणूस राजकारणात पडला नाही तर त्याला कोणी हात लावत नव्हतं, हे आजोबांचं वाक्य जसंच्या तसं.

पाटोवरून

यादी घेतो.

एकच कायदा. ही १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, गोव्यात १८७० पासून. तेव्हा पोर्तुगालात राजा होता आणि सालाझार जन्मालाही आला नव्हता. शिवाय "सगळ्यांना एकच" हे पण पूर्ण खरं नाही, १८८० च्या हुकुमाने हिंदूंच्या काही रूढी राखून ठेवल्या होत्या. घटस्फोटाचा कायदा १९१० चा, प्रजासत्ताक आल्यावरचा. सालाझारने ह्यात भर घातली ती उलटी. १९४० ला त्याने व्हॅटिकनशी करार केला, त्यामुळे चर्चमध्ये लग्न केलेल्यांना दिवाणी घटस्फोट बंद झाला, आणि १९४६ च्या हुकुमाने तोच प्रकार गोव्यात आला. म्हणजे एकच कायदा होता त्याला भोक पाडलं ते ह्या बाबाने, आणि फॉरवर्डमध्ये श्रेय पण त्यालाच.

हिंदूंना बरोबरीचे हक्क. हेही १९१० चं. राजेशाही गेली, राज्य आणि चर्च वेगळे झाले, मग हिंदूंना सरकारी नोकऱ्या आणि शिक्षण मोकळं झालं. फोंड्याचे दादा वैद्य, त्यांचं 'प्राचीप्रभा', गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं 'भारत', हा सगळा मराठी पत्रांचा उत्साह त्याच दोन-चार वर्षांतला. सालाझार आला आणि सेन्सॉरने त्यातली हवा काढली.

सालाझारची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट म्हणजे १९३० चा वसाहत कायदा. त्यात लिहिलंय की परमुलूख ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं मूळ कार्य. आपण ते "लोक" बरं का. त्याच वर्षी लुईश द मिनेझिस ब्रागांझांनी इथल्या कौन्सिलात ह्याविरुद्ध ठराव मांडून स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. पणजीच्या इन्स्टिट्यूटला त्यांचं नाव का आहे ते निदान आता कळेल काहींना.

फेरीबोट

चोऱ्या नव्हत्या हे शंभर टक्के बरोबर. आमच्या पणजोबांच्या घरात चोरण्यासारखं एक तांब्याचं भाण होतं, ते पण गहाण.

वाडीची_लेक

माझं माहेर सावंतवाडी, सासर पेडणें. पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक, जत्रा एकमेकांकडे, आणि मधे फिरंग्यांची चौकी. सासूबाई सांगायच्या की लग्नाची पत्रिका छापायची तरी मजकूर आधी सेन्सॉरकडे द्यावा लागायचा. पत्रिकेत काय असतं हो, गणपती प्रसन्न, मुहूर्त आणि कुलदेवता. ते पण वाचून शिक्का मारणारा माणूस पगार घेऊन बसवलेला.

१९५५ ला सीमा बंद झाली तेव्हा सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याला अडकलं. बाप गेल्याचं कळलं तेव्हा बारावं होऊन गेलं होतं. पत्रं फोडून वाचतात असं सगळ्यांना वाटायचं म्हणून पत्रात "आम्ही खुशाल, पाऊस बरा" यापलीकडे काही नसायचं. त्यांच्या ट्रंकेतली ती पत्रं मी वाचलीयत, सगळी सारखीच, तारीख झाकली तर कुठलं कधीचं ओळखता येणार नाही. आणि एक सवय त्यांची शेवटपर्यंत राहिली, घरात कोणी सरकारबद्दल मोठ्याने बोललं की आधी पडवीत कोण आहे बघून यायच्या. तेव्हा गोव्याला स्वतःचं राज्य मिळून पण वर्षं झाली होती!

कुळागरवाला, तुमच्या आजोबांचा अनादर नाही करत, पण "राजकारणात पडला नाही तर" ह्या चार शब्दांत सगळं आलं की. राजकारण म्हणजे तेव्हा काय काय होतं ते विचारा एकदा.

पाटोवरून

काय काय होतं ते मी सांगतो. म्हापशाचे सर्जन डॉ. पुंडलिक गायतोंडे फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीला गेले. भाषणात कोणीतरी म्हणालं गोवा म्हणजे पोर्तुगालच. हे म्हणाले, "मी निषेध करतो." एवढंच राजकारण. अटक करून थेट पोर्तुगालला नेलं. आणि त्यांची बायको एदिला ही आसोरिश बेटांवरची पोर्तुगीज बाई, ती नवऱ्याच्या बाजूने ठाम उभी राहिली. हे लिहितोय कारण सालाझार आणि पोर्तुगीज माणूस ह्यांची गल्लत नको.

सह्यगिरी_पुणे

चर्चा चांगली चाललीय पण मूळ मुद्दा सगळे टाळतायत. सालाझार सालाझारच होता, त्याच्याकडून अपेक्षा काय ठेवणार. १४ वर्षं वाट बघितली ती दिल्लीने. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले, उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ, पंजाबातला कर्नैलसिंग, ह्यांचा गोव्याशी संबंध काय होता? तरी आले. आणि त्यानंतर नेहरूंनी काय केलं तर सत्याग्रहींनाच सीमेवर अडवलं. जे काम १९६१ ला दीड दिवसात झालं ते १९४८ ला नसतं झालं?

काजूबोंडू

सहाव्या-सातव्याला आले. उशीर झाला, फेरीबोट चुकली असणार.

फेरीबोट

मला मधे ओढू नका.

पाटोवरून

सह्यगिरी, दिरंगाई झाली हे गोव्यात कोणीच नाकारत नाही, इथल्या जुन्या स्वातंत्र्यसैनिकांची नेहरूंवर नाराजी होतीच. पण "सालाझारकडून अपेक्षा काय ठेवणार" म्हणून त्याला मोकळा सोडू नका. इंग्रज गेले. फ्रेंचांनी १९५४ ला पाँडिचेरी सोडली, बोलणी करून. हा माणूस बोलायलाच तयार नव्हता. त्याचं म्हणणं गोवा ही वसाहतच नाही, १९५१ ला घटनेत बदल करून "सागरपार प्रांत" असं नाव दिलं, आता प्रांतावर वाटाघाटी कशा करणार, झालं. १९५३ ला भारताने लिस्बनची वकिलात बंद केली. दादरा-नगर हवेलीवरून तो हेगच्या कोर्टात गेला, १९६० चा निकाल बघा, भारताच्या हद्दीतून तिथे सैन्य नेण्याचा हक्क नाही असं कोर्टाने सांगितलं. नाटोचा संस्थापक सभासद असल्यामुळे पाठीशी अमेरिका, १९५५ च्या डिसेंबरात त्यांच्या परराष्ट्रमंत्री डलेसने गोवा हा पोर्तुगालचा प्रांत असल्याच्या निवेदनावर सही केली. ह्या सगळ्यात नेहरूंची चूक किती आणि जगाचा हिशोब किती ह्यावर तुमचं-माझं जमणार नाही. पण सीमेवर गोळ्या झाडायचा हुकूम दिल्लीचा नव्हता.

सह्यगिरी_पुणे

हुकूम दिल्लीचा नव्हता हे मान्य, पण गोळ्या झाडणाऱ्याला पुढची सहा वर्षं मोकळं कोणी ठेवलं? मी माझ्या मुद्द्यावर ठाम.

चोरीस_पाव

जरा हलकं करतो. १९६१ च्या डिसेंबरातला किस्सा सांगतात. इथल्या पोर्तुगीज सैन्याकडे रणगाड्यांविरुद्धचे गोळे नव्हते, लिस्बनला निरोप पाठवायचा तर सांकेतिक शब्द ठरलेला 'शोरीसु', म्हणजे आपलं चोरीस, डुकराच्या मांसाचं सॉसेज. "चोरीस पाठवा" अशी तार गेली. तिकडे कुणाला संकेत ठाऊक नव्हता की काय देव जाणे, विमानाने खरोखरचं चोरीस आलं. भारतीय फौज हद्दीवर आणि हे बसले चोरीस सोलत.

काजूबोंडू

गोव्यात चोरीस बाहेरून मागवणारं सरकार पडणारच होतं.

तिऱ्हाईत_लिस्बन

मी गेली बरीच वर्षं इथे आहे, वडिलांच्या जन्मनोंदीवर मिळालेला पासपोर्ट, त्यामुळे आधीच सांगतो, मला "तुम्ही सालाझारचं खाता" असं म्हणणारे दोन-तीन जण येतील, त्यांनी यावं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना हे नागरिकत्व मिळतं ते इथल्या लोकशाही सरकारच्या कायद्याने.

इथे सालाझारबद्दल काय वाटतं ते सांगतो कारण ते आपल्या व्हॉट्सॲपपेक्षा फार वेगळं नाही. २००७ ला टीव्हीवर सर्वांत थोर पोर्तुगीज कोण असं मतदान झालं, हाच पहिला आला, ४१ टक्के मतं. दुसरा कोण? कम्युनिस्ट पुढारी आल्वारू कुन्याल, ज्याला सालाझारने पेनिशच्या किल्ल्यात डांबलं होतं आणि जो १९६० ला तिथून पळाला. पेनिश हे नाव गोव्यात ओळखीचं हवं. १९४६ ला मडगावच्या लोहियांच्या सभेनंतर गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी टी. बी. कुन्हांना लष्करी कोर्टात उभं करून आठ वर्षांची शिक्षा दिली, तीही पेनिशला. ह्या दोघांच्या आडनावांत रोमी लिपीत एका अक्षराचा फरक आणि जेलर एकच.

पेट्रोल भरायला थांबलो की म्हातारे हमखास सांगतात, त्या काळात शिस्त होती, देशावर कर्ज नव्हतं, तिजोरीत सोनं होतं. सोनं होतं खरं, महायुद्धात दोन्ही बाजूंना टंगस्टन विकून कमावलेलं. पण त्याच म्हाताऱ्याला विचारलं की तुम्ही साठच्या दशकात कुठे होता, तर म्हणतो फ्रान्सला, पॅरिसच्या बाजूला, बांधकामावर. लाखो लोक देश सोडून गेले, बरेचसे चोरून सीमा ओलांडून, कारण गावात खायला नव्हतं आणि तरुण पोरगा राहिला तर अंगोला-गिनी-मोझांबिकच्या युद्धावर पाठवणार. लिस्बनचा मोठा पूल त्याच्या नावाचा होता, १९७४ ला क्रांती झाल्यावर '२५ एप्रिल' केला.

आणि शेवट तर विचित्रच. ऑगस्ट १९६८ मध्ये खुर्चीतून पडला, डोक्याला मार लागला, सप्टेंबरात त्याच्या जागी कायतानूला नेमलं. पण ह्याला सांगायची कोणाची छाती झाली नाही. मंत्री भेटायला येऊन हा अजून पंतप्रधानच असल्यासारखं वागत राहिले आणि जुलै १९७० ला मरेपर्यंत तो त्याच समजुतीत होता.

फेरीबोट

आमच्या वाड्यावर एक माजी सरपंच आहे, सेम केस. निवडणूक हरून दोन टर्म झाल्या, अजून गटाराची पाहणी करतो.

पंतबाई

मी निवृत्त शिक्षिका, डिचोली भागातली. सगळं वाचलं. शाळांचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहिते, मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझे वडील देवळाच्या अग्रशाळेत मराठी शिकवायचे. पगार म्हणजे भात, नारळ आणि सणाला धोतर. सरकारी शाळा पोर्तुगीजमधून, ती पण मोठ्या गावात, लिसेव म्हणजे हायस्कुलापर्यंत पोचायचं तर पणजी गाठा, म्हणजे पैसेवाल्यांचं काम. बाकी आमच्यासारख्या गावांत मराठी शाळा लोकांनी स्वतःच्या पदराने चालवल्या. त्यात कोण बसायचं तर ज्यांच्या बापाला पोराची गुरं राखायची मजुरी सोडून देणं परवडायचं तेच. मुली हाताच्या बोटांवर. वडील सांगायचे, तपासणीला अधिकारी यायचा म्हटलं की भिंतीवरचा शिवाजीमहाराजांचा फोटो काढून सरस्वतीचा लावायचे, तो गेला की परत बदली.

मुक्तीच्या वेळी गोव्यात साक्षरता होती ३० टक्क्यांच्या आसपास. साडेचारशे वर्षांचं राज्य, त्यातली शेवटची तीस-बत्तीस वर्षं ह्या प्रोफेसरसाहेबांची. एक विद्यापीठ नाही. उच्च शिक्षण म्हणावं असं एक १८४२ चं मेडिकल स्कूल, ते पण सालाझारच्या आधीचं. स्वतः विद्यापीठातून आलेला माणूस, आणि त्याच्या देशातसुद्धा हीच गत, युरोपात सगळ्यांत मागे राहिलेल्यांत पोर्तुगाल. शिकलेला माणूस प्रश्न विचारतो हे त्याला पक्कं ठाऊक असावं असं माझं मत. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आले तेव्हा गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, दोन खोल्यांच्या, कौलारू, काही तर कुणाच्या तरी गोठ्याशेजारी. मी अशाच एकीत नोकरीला लागले. पहिल्या वर्गात एक मुलगा चौदा वर्षांचा होता. मुंडकाराचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा मुलगा. भाटकाराकडे विचारायला आईबरोबर मी गेले होते, शाळेत पाठवू का म्हणून. विचारावं लागायचं! त्यामुळे कुळागरवाला, कर ठरलेला होता आणि कागद टिकायचा ह्यात शंका नाही, फक्त कागद कोणाच्या नावावर होता तेही बघा. कुळांच्या नावावर काही नव्हतं. कुळकायदा १९६४ चा, मुंडकार कायदा १९७५ चा.

शेंदूर_सत्तरी

बाई, दंडवत.

म्हापसा_बाजार

पंतबाई छान लिहिलंत पण त्या शाळा मराठीच का काढल्या, कोंकणी का नाही हे पण सांगा ना. तिथूनच सगळा घोळ

संपादक

भाषावादावर आपल्याकडे तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. चौथं कुलूप शिल्लक नाही. सालाझारवर या.

कुळागरवाला

बाई, तुमचं वाचलं. आमच्याकडे कुळं होती, खोटं कशाला बोलू. पण मग विकास अजिबातच झाला नाही असं म्हणणंही एकांगी. दाभोळीचा विमानतळ त्याच काळात झाला, मुरगाव बंदर वाढलं, खाणी सुरू झाल्या. भारताने नाकेबंदी केली तरी लोक उपाशी मेले नाहीत. हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, जपानचं सिमेंट मिळत होतं. हे सरकारने केलंच ना?

खाणवाट

खाणींवर मी बोलतो, बाप ट्रकवर, मी मशीनवर. पन्नाशीच्या दशकात जपानला पोलादासाठी खनिज हवं होतं, इथे डोंगर होते. १९०६ च्या जुन्या पोर्तुगीज खाण कायद्याखाली लोकांना परवाने दिले, आणि ते कसे, तर कायमचे. मुदतच नाही. नाकेबंदीत विमानतळ, बटाटे, सिमेंट दिसलं ते ह्या मातीच्या पैशातून. ते कायमचे परवाने रद्द करून त्यांचे मुदतीचे पट्टे करायला १९८७ चा कायदा लागला, मग २०१२ ची बंदी, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ पट्टे उडवले आणि आम्ही घरी बसलो. कुणी सालाझार पाहिजे म्हटलं की मी म्हणतो आमच्या गावात या, त्याचा वारसा दाखवतो. खड्डा आहे, पाणी भरलेलं, पोहायला बंदी.

फेरीबोट

कागद टिकायचा ह्यावर अजून एक. आमच्या घरचं भाण विनोदाने लिहिलं पण आजीचे दागिने खरोखरच बँकेत गहाण होते. १९६१ ला फौज येणार असं दिसल्यावर लोकांचं गहाण सोनं लिस्बनला रवाना झालं. परत आलं १९९१ ला. तीस वर्षं! आजी गेली होती, आईला सही करायला लागली. पावती मात्र जपून ठेवलेली त्यामुळे हां, कागद टिकला.

मांडवीपार

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या प्रश्नावर परत येतो. यादीतून कायदा गेला, समान हक्क गेले, स्वस्त माल नाकेबंदी आणि खाणींच्या खात्यात गेला. चोऱ्या नसणं हे चौकशीच्या भीतीने की गरिबीने ते ज्याचं त्याने ठरवावं. मग पक्कं सालाझारचं काय राहतं तर १४ डिसेंबर १९६१ ची तार. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हाला त्याने कळवलं की आठ दिवस तरी झुंजा, शरणागती नको, पोर्तुगीज युद्धकैदी नकोत, आपले सैनिक आणि खलाशी एकतर विजयी किंवा मेलेले असतील. साडेतीन हजाराच्या आसपास सैनिक, लढाऊ विमान एक नाही, मुरगावात एक म्हातारी युद्धनौका. आणि हे लिहिणारा माणूस गोव्यात कधी आला नव्हता, गोव्यातच काय, आफ्रिकेतल्या वसाहतींतही नाही. अंदाजपत्रकावर राज्य करायची सवय झालेल्याला माणसं आकड्यांसारखी वाटत असावीत, असं मला हे वाचताना वाटलं.

तिऱ्हाईत_लिस्बन

वासालु इ सिल्व्हाने ती तार मानली नाही म्हणून पणजी, जुनं गोवें शाबूत राहिलं हे पण लिही. बाणस्तारी आणि बोरीचे पूल उडवले पण शहरात लढाई होऊ दिली नाही, १९ तारखेला शरण आला. बक्षीस काय? कैदेतून सुटून परत गेला तर सालाझारने १९६३ ला सैन्यातून हाकललं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला हुद्दा परत मिळाला. पुढे तो पाहुणा म्हणून गोव्यात आला तेव्हा लोकांनी चांगलं स्वागत केलं.

वाडीची_लेक

हे माहीत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, शेवटी "पाखले" म्हणजे गोरे पोर्तुगीज सैनिक, पोरं बिचारी रडत होती, त्यांना कोणीतरी पेज दिली.

कुळागरवाला

आजोबा हयात असते तर त्यांनी तुम्हा सगळ्यांशी भांडण काढलं असतं, आणि माझ्या मते निम्म्या गोष्टींवर जिंकले असते. आत्ताची हापिसं बघितली की त्यांचं म्हणणं आठवतं. सालाझार नको, पण फाईल वेळेत हलावी असं वाटणं हा गुन्हा नाही.

वाडीची_लेक

नाहीच. पण फाईल हलण्यासाठी पत्रिकेवर शिक्का नको.

सह्यगिरी_पुणे

१९७४ चा उल्लेख आलाय म्हणून विचारतो, पोर्तुगालने गोवा भारताचा असं मान्य कधी केलं? आणि मोहन रानडे सालाझार असेपर्यंत सुटले नाहीत हे खरं ना?

पंतबाई

पहिल्याचं उत्तर, ३१ डिसेंबर १९७४, दिल्लीत करार झाला, त्यांच्याकडून मारियु सुआरिश आणि आपल्याकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. म्हणजे सालाझार मरून चार वर्षं झाल्यावर. तोपर्यंत लिस्बनच्या कागदावर आम्ही पोर्तुगीजच, मी पंचायतीच्या निवडणुकीत ड्युटी करत होते तरी!

दुसऱ्याचं, हो. रानडे मास्तर मूळ सांगलीचे, इथे शिक्षक म्हणून आले आणि आझाद गोमंतक दल ह्या सशस्त्र क्रांतिकारी गटात गेले. १९५५ ला बेतीच्या पोलिस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले, २६ वर्षांची शिक्षा. गोवा १९६१ ला सुटला, मास्तर पोर्तुगालमधल्या काशियशच्या तुरुंगात तसेच. सालाझार सप्टेंबर १९६८ ला गेला खुर्चीवरून, मास्तर सुटले जानेवारी १९६९ ला. त्यांच्या सुटकेसाठी समिती चालवली ती सुधीर फडक्यांनी, आपले बाबूजी. गाणी ऐकताना हे आठवत नाही कुणाला.

सह्यगिरी_पुणे

दादरा-नगर हवेलीत बाबूजी होते हे ठाऊक होतं, रानड्यांचं नव्हतं. ह्यावर वेगळा धागा काढतो, बाई तुम्ही लिहाल का थोडं?

पंतबाई

काढा. आंबोलीच्या जंगलातून गोवामुक्तीचा गुप्त रेडिओ चालवणाऱ्या लिबिया लोबो आणि वामन सरदेसाईंवर पण लिहू, वडील तो रेडिओ कांबळ्याखाली ऐकायचे. फक्त सोमवारनंतर, घरी दत्तजयंतीची माणसं आहेत.